अंदाजावर सोडू नकोस

परवा फोनवर तू वैतागून म्हणालीस, "ताई, मी नर्स आहे की कारकून? दिवसभर रजिस्टरं भरते आणि रात्री तेच पुन्हा मोबाइलवर भरते." त्यापुढे हेही म्हणालीस की नर्सिंगमधलं संशोधन ही मोठ्या शहरातल्या मोठ्या दवाखान्यांची गोष्ट, एटापल्लीच्या उपकेंद्रावर त्याचं काय काम. तुझी पहिली तक्रार खरी आहे. एकच आकडा तीन ठिकाणी लिहायला लावायचा आणि त्यापायी गृहभेटीचा वेळ खायचा, हे चुकीचंच आहे. त्याबद्दल तू बैठकीत बोल, मी तुला गप्प बस म्हणणार नाही. पण दुसरं जे बोललीस ना, ते मला झोंबलं. ज्या जिल्ह्यात तू उभी आहेस तिथूनच नवजात बाळाच्या शुश्रूषेचं असं एक संशोधन निघालं की पुढे देशभरातल्या आशाताईंचं काम त्यावरून ठरलं. आणि ते घरोघर जाऊन केलं कुणी? गावातल्या, बेताचं शिकलेल्या बायकांनी. तुझ्या अभ्यासक्रमात हे दोन ओळींत उरकलं असेल. मी जरा सावकाश सांगते.

डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू केली. चंद्रपुरातून गडचिरोली वेगळा जिल्हा होऊन तेव्हा चारच वर्षं झाली होती. रस्ते कमी, मधे नाले, पावसाळ्यात गावंच्या गावं तुटलेली. शंभरातली पंच्याण्णव बाळंतपणं घरी व्हायची, आणि एकदा खोलीत गेलेली बाळंतीण नि तिचं बाळ लवकर बाहेर काढायची रीत नव्हती. म्हणजे आजारी बाळाला दवाखान्यात न्या, हा सल्ला बरोबर असून कुणाच्याच कामाचा नव्हता. त्यांनी मोजलं तेव्हा दर हजार जिवंत जन्मांमागे ६२ बाळं पहिल्या अठ्ठावीस दिवसांत दगावत होती. बाळ दवाखान्यात येणार नसेल, तर शुश्रूषा बाळाच्या खोलीत गेली पाहिजे, असा विचार त्यातून निघाला.

आता नीट ऐक, कारण माझ्या मते यातला सगळ्यात मोलाचा भाग उपचाराच्या आधीचा आहे. १९९५–९६ मध्ये ३९ गावांतल्या आरोग्यदूत बायकांनी ७६३ नवजात बाळं घरी जाऊन ठरलेल्या दिवशी बघितली. वजन केलं, ताप घेतला, श्वास मोजला, दूध कसं ओढतंय ते पाहिलं, आणि पाहिलं तसंच लिहिलं. त्या नोंदींतून निघालं ते असं, की निम्म्याहून अधिक बाळांना वैद्यकीय मदत लागत होती आणि ती मिळाली शंभरात तिघांनाही नाही. हे त्याआधी कुणाला ठाऊक नव्हतं, कारण त्या अंधाऱ्या खोलीत काटा आणि वही घेऊन कुणी बसलंच नव्हतं. दवाखान्याच्या रजिस्टरात ही बाळं कधी आलीच नव्हती, तर त्यांचा आजार तरी कुठून दिसणार?

त्या नोंदींतूनच पुढे जंतुसंसर्ग ओळखायच्या खुणा ठरल्या. रक्त तपासायची सोय नाही, एक्स-रे नाही. मग कशावरून ओळखायचं? रडणं मंदावलं किंवा थांबलं, दूध ओढणं कमी झालं, हातपाय लुळे पडले, अंग गार लागतंय किंवा तापलंय, पोट फुगलंय, उलट्या होताहेत, छाती आत ओढली जातेय. अशा खुणांपैकी दोन एकाच वेळी दिसल्या तर थांबायचं नाही. यातल्या बऱ्याच खुणा यंत्राला कळत नाहीत, आईला कळतात. "बाई, काल चांगलं पिऊन राहिलं होतं, आज तोंडात घेते अन् सोडते" हे एखादी आई सांगते तेव्हा ती तुला निदान सांगत असते. तिचा शब्द त्या अभ्यासात पुरावा म्हणून धरला गेला. तूही तो तसाच धर.

मग आरोग्यदूतांना इंजेक्शन द्यायला शिकवलं. जेंटामायसिनचं इंजेक्शन आणि तोंडाने द्यायचं औषध. जन्मतः न रडलेल्या बाळाला श्वास द्यायला शिकवलं, बाळाला ऊबदार झबलं-टोपडं आणि झोपायची पिशवी दिली, आईला अंगावर पाजायला मदत केली. खेड्यातल्या बाईच्या हाती सुई द्यायची, ही तेव्हा साधी गोष्ट नव्हती. तिसऱ्या वर्षी, १९९७–९८ मध्ये, त्या ३९ गावांत हजारी मृत्यूंचा आकडा २५.५ वर आला. तुलनेसाठी घेतलेल्या ४७ गावांत तो ५९.६ होता. डिसेंबर १९९९ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात या कामाचा निबंध छापून आला. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी नवजात बाळासाठी गृहभेटींची शिफारस केली, आणि २०११ पासून आपल्या देशात आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी बाळ बघायला जाऊ लागल्या. तुझ्याकडे जो तक्ता भिंतीवर लावलेला आहे, त्याचं मूळ हे.

म्हणून तुला सांगते, तक्ता भरताना घाई करू नकोस. घरात गेल्यावर "बाळ बरं आहे ना?" असं विचारूच नकोस. त्याला उत्तर एकच येतं, "हो बाई, बरं हाय." त्याऐवजी विचार, कालच्यापेक्षा रडण्यात काही फरक पडला का, रात्री किती वेळा उठून प्यायलं, लंगोट किती वेळा ओला झाला. बाळ दुपट्यात गुंडाळलेलं असेल तर उघडून बघ. हात स्वच्छ धुऊन, पुसून, ऊबदार करून आधी पोटाला लाव, मग तळपायाला. पोट गरम आणि पाय गार असले की बाळ गारठायला लागलंय. दोन्ही गार असले की बाळ आधीच अडचणीत आहे. श्वास पूर्ण एक मिनिट मोज. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नकोस, नवजात बाळाचा श्वास एकसारखा नसतो. साठ किंवा अधिक भरले तर बाळ शांत असताना पुन्हा एकदा मोज.

श्वासांवरून एक आठवलं, ते तुला आवडेल. 'सर्च'च्याच न्यूमोनियावरच्या कामात गावातल्या दाया होत्या. अनुभवाने पक्क्या, पण पन्नास-साठपर्यंत मोजणं त्यांना जमायचं नाही. मग त्यांना शिकून या म्हणण्यापेक्षा त्यांच्यासाठी मणी ओवलेलं एक साधन तयार केलं. सोबत एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, आणि वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलं की लेकराला डब्बा, म्हणजे न्यूमोनिया, झालाय, औषध सुरू करायचं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी मण्यांची ओळ वेगळी, मोठ्यासाठी वेगळी. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात आरोग्य कार्यकर्त्यांनी हाताळलेल्या ६१२ रुग्ण बालकांत मृत्यू एक टक्क्याहूनही कमी होते. मला यात सगळ्यात भावतं ते हे की दाईला कमी न लेखता, तिच्या बोटांना येईल असं साधन घडवलं. तुझ्या आशाताईंपैकी कुणाला थर्मामीटर वाचता येत नसेल, तर चारचौघांत तिला टाकून बोलू नकोस. रेघ कुठली ते रंगाने खूण करून दे.

आणखी एक, तू एएनएम आहेस म्हणून मुद्दाम सांगते. २०१४ पासून केंद्राच्या सूचना आहेत की दोन महिन्यांच्या आतल्या बाळात गंभीर जंतुसंसर्गाची लक्षणं असली तर वर पाठवण्याआधी जेंटामायसिनचा पहिला डोस एएनएमने द्यावा, आणि पाठवणं शक्यच नसेल किंवा घरचे नकोच म्हणत असतील तर उपचार पुढे चालवावा. वजनाप्रमाणे डोसाचा तक्ता तुझ्या पिशवीत हवा. पावसाळ्यात नाला भरल्यावर तो शोधत बसायची पाळी येऊ नये.

कमी वजनाच्या बाळाबद्दल अलीकडे जे हाती आलंय तेही सांगते. बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरायचं, हे तू शिकलीच आहेस. कोलंबियात, बोगोटामध्ये, १९७०च्या दशकाच्या शेवटी ते सुरू झालं. पण इतकी वर्षं रीत अशी होती की बाळ आधी यंत्रात ठेवून स्थिर करायचं, मग आईकडे द्यायचं. २०२१ मध्ये पाच देशांतल्या दवाखान्यांचा अभ्यास छापून आला, त्यात दिल्लीचं सफदरजंग रुग्णालयही होतं. एक किलो ते एक किलो आठशे ग्रॅम वजनाची तीन हजारांवर बाळं. त्यातल्या निम्म्या बाळांना स्थिर होण्याची वाट न बघता जन्मानंतर लगेच आईच्या किंवा घरातल्या दुसऱ्या बाईच्या छातीशी ठेवलं, दिवसाला सतरा तासांच्या आसपास. पहिल्या महिन्यातले मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. फरक इतका स्पष्ट दिसला की अभ्यास वेळेआधीच थांबवला, कारण उरलेल्या बाळांना यापासून दूर ठेवणं योग्य नव्हतं. त्यासाठी दवाखान्यांना काय बदलावं लागलं माहीत आहे? आईची खाट बाळांच्या अतिदक्षता कक्षात आणावी लागली. आजही किती ठिकाणी बाळ आत, आई बाहेरच्या व्हरांड्यात, आणि दर तीन तासांनी तिला हाक मारायची! तुझ्या हाती नवजात बाळांचा असा विशेष कक्ष (एसएनसीयू) नाही, पण पाठवताना रस्ता तुझ्या हाती आहे. रुग्णवाहिकेत बाळ कुणाच्याही मांडीवर दुपट्यात देऊ नकोस. आईच्या, आई येऊ शकत नसेल तर आजीच्या छातीशी, उघड्या अंगाला अंग लावून, वरून चादर. नव्वद-शंभर किलोमीटरच्या रस्त्यात दुसरं ऊबदार यंत्र आपल्याकडे नाही.

आता बाळंतिणीकडे वळू. रक्तस्राव. नजरेने अंदाज करायची सवय आपल्या सगळ्यांच्या हाडीमासी खिळलेली आहे. "जास्त नाही, नेहमीएवढंच गेलं." नेहमीएवढं म्हणजे किती? २०२३ मध्ये केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ८० दवाखान्यांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, दोन लाखांवर बाळंतिणींचा. त्यांनी बाळंतिणीखाली खुणा केलेली प्लास्टिकची पिशवी लावली, म्हणजे रक्त किती गेलं ते मिलिलिटरमध्ये दिसतं. आणि अर्धा लिटर झालं, किंवा त्याआधीच लक्षणं वाईट दिसली, की गर्भाशय चोळणं, ऑक्सिटोसिन, ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड, सलाइन आणि तपासणी हे सगळं एका दमात करायचं. एक करून बघू, मग दुसरं, असं थांबायचं नाही. बहुतेक काम सुईणी आणि नर्सनीच केलं. अंदाजावर चालणाऱ्या दवाखान्यांत निम्मेच रक्तस्राव ओळखले जात होते, पिशवी लावल्यावर शंभरातले ९३. तीव्र रक्तस्राव, शस्त्रक्रिया किंवा मृत्यू अशा वाईट परिणामांचं प्रमाण ६० टक्क्यांनी घटलं. त्यात औषध एकही नवं नव्हतं.

आपल्याकडे याला दुप्पट महत्त्व आहे. आपल्या कित्येक बाया सात-आठ हिमोग्लोबिनवर बाळंत होतात. दुसरीला सोसेल एवढं रक्त तिला सोसत नाही. आणि सिरोंच्याहून गडचिरोली दोनशे किलोमीटरच्या घरात. उशिरा ओळखलं की रस्ताच तिला खाऊन टाकतो. खुणांची पिशवी तुझ्या केंद्रात नसेल तर वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे लेखी मागणी कर. तोवर कोरडे पॅड आधी वजन करून ठेव, वापरल्यावर पुन्हा वजन कर. वाढलेला एक ग्रॅम म्हणजे जवळपास एक मिलिलिटर रक्त. बाळाचा काटा आहेच ना? आणि बाळंतपणानंतरचे पहिले दोन तास तिच्यापाशीच राहा. त्या दोन तासांत कुणी कागद मागितला तर दोन तासांनी देते म्हण.

बायांबद्दल अजून एक गोष्ट, थोडी नाजूक. वसा आणि अमिर्झा ही गडचिरोलीजवळची दोन गावं. तिथल्या ६५० स्त्रियांची राणीताईंनी तपासणी केली आणि जानेवारी १९८९ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाचा एक तरी आजार, एकीमागे सरासरी ३.६. आणि त्याआधी कधीतरी तपासणी झालेल्या? शंभरात आठ. तोवर खेड्यातली बाई आरोग्य खात्याच्या नजरेत होती ती गरोदर म्हणून, नाहीतर नसबंदीची केस म्हणून. तिचं अंगावरून पांढरं जाणं, पाळीत आतून पिळवटणं, संबंधाच्या वेळी दुखणं, हे तिने सासूलाही सांगायचं नाही आणि आपणही विचारायचं नाही, असा सगळा मुका कारभार.

तो अजून पुरता बदललेला नाही, बाई. तुझ्याकडे एखादी "कंबर दुखते" म्हणून येईल आणि गोळी घेऊन उठायच्या बेतात असेल, पण उठणार नाही, पदराचं टोक चाळवत बसेल. तिथे खरं दुखणं कंबरेच्या पलीकडे असतं. दार लोटून घे, सोबत आलेल्या नवऱ्याला किंवा जावेला बाहेर बसव, आणि तूच विचार, साध्या शब्दांत. माडिया बाई असेल आणि तुला भाषा येत नसेल तर दुभाष्या म्हणून शाळेतलं पोरगं आणू नकोस, गावातल्या विश्वासाच्या बाईला बोलाव. पाळीत वेगळ्या झोपडीत, कुर्माघरात, राहणाऱ्या बायांकडेही जात जा. ती प्रथा मला पटत नाही, ते उघडच आहे. पण तिथे बसलेल्या बाईला ताप, मलेरिया, साप यातलं काहीही होऊ शकतं आणि आपण तिकडे फिरकलोच नाही तर तिने हाक कुणाला मारायची?

तू म्हणशील, ताई नुसतं बाळ-बाळंतिणीचंच बोलते. ठीक आहे, दुसरं सांगते, आणि याने मी स्वतः हलले होते. आपल्याला वाटायचं जंगलातली माणसं जातात ती तापाने, सापाने, वाघाने. 'सर्च'च्या अभ्यासकांनी गडचिरोलीतल्या ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणं घरोघर विचारून शोधली, २०१५ मध्ये ते प्रसिद्ध झालं. सगळ्यात वरचं कारण निघालं लकवा. शंभर मृत्यूंतले चौदा. आणि त्यातली बहुतेक माणसं घरीच गेली. म्हणजे लकव्याच्या रोग्याची नर्स कोण? त्याची बायको, त्याची सून. तिला कुणी काही शिकवलेलं नाही.

ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये १९ स्ट्रोक-कक्षांत नर्सनी चालवलेला एक प्रयोग झाला, २०११ मध्ये तो छापून आला. लकव्याच्या पहिल्या तीन दिवसांत नर्सनी तीनच गोष्टी काटेकोर पाळल्या. ताप चढू द्यायचा नाही, साखर वाढू द्यायची नाही, आणि गिळता येतं का हे तपासल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही. तीन महिन्यांनी मृत किंवा परावलंबी झालेल्या रोग्यांचं प्रमाण ४२ टक्के होतं, आणि नेहमीच्या पद्धतीने चाललेल्या कक्षांत ५८ टक्के. शंभरामागे सोळा माणसांचा फरक, आणि तो पाडला नर्सनी.

यातली तिसरी गोष्ट आपल्याकडे फार मोलाची आहे. माणूस पडला की पहिल्यांदा कुणीतरी तांब्या आणून तोंडात पाणी ओततं. मायेनेच ओततं. पण गिळणं गेलेलं असेल तर ते पाणी फुफ्फुसात जातं आणि माणूस लकव्याने नाही, न्यूमोनियाने जातो. हे तू ग्रामसभेत सांग, बचत गटात सांग, शाळेत सांग. चेहरा वाकडा, हात खाली पडतो, बोलणं अडखळतं, की पाणी नाही, झाडफूक करणाऱ्या पुजाऱ्याची वाट नाही, आधी १०८. रक्ताची गुठळी विरघळवायचं औषध द्यायचं तर साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि आपले तास रस्त्यातच संपतात, म्हणून फोन लवकर. आणि रोगी घरी परतला की तुझी खरी पाळी. दर दोन तासांनी कूस बदलणं, माकडहाड आणि टाचा रोज उघडून बघणं, भरवताना पाठीला आधार देऊन ताठ बसवणं, जेवणानंतर अर्धा तास आडवं न करणं, हे सुनेला करून दाखव. तिच्याकडून तुझ्यासमोर करवून घे. नुसतं सांगून यातलं काही होत नाही. आणि वाड्या-टोल्यावर गेलीस की चाळिशीपुढच्या प्रत्येकाचा बीपी घे, तो कशासाठी आला आहे ते बाजूला ठेव. लकवा थोपवायचा तो इथेच.

सिकलसेलबद्दल थोडक्यात. मे महिन्यात तेंदूपानाच्या हंगामात, आपल्याकडच्या त्या उन्हात, पोरगं सांधे धरून लोळत येईल आणि कुणीतरी म्हणेल, नाटक करतंय. तू तसं म्हणू नकोस. वेदना मोजायचं यंत्र नाही, म्हणून रोगी सांगतो तीच वेदना धरायची. पाणी, ऊब, वेळेवर वेदनाशामक, ताप बघणं. हायड्रॉक्सियुरिया लावलेला असेल तर गोळ्या संपत आल्यात का ते महिन्याआधी बघ.

आता मला तुझ्याशी जे मनातलं बोलायचं आहे ते बोलते. मागच्या महिन्यात तू म्हणालीस ना, "ताई, मी कमी पडते." एका ड्यूटीत चाळीस रोगी, त्यात दोन बाळंतपणं, आणि एकीचा बीपी घ्यायचा राहिला म्हणून तू रात्रभर स्वतःला बोल लावत होतीस. ऐक. लिंडा एकेन नावाच्या अमेरिकेतल्या नर्स-संशोधकबाईंनी हयात याच प्रश्नावर घालवली आहे. २०१४ मध्ये त्यांचा युरोपातल्या नऊ देशांचा अभ्यास 'द लॅन्सेट'मध्ये आला, शस्त्रक्रिया झालेल्या चार लाखांवर रोग्यांचा. प्रत्येक नर्समागे एक रोगी वाढला की महिन्याभरात रोगी दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते. एकच रोगी जास्त! तिथल्या चांगल्या पगाराच्या, चांगल्या सोयींच्या दवाखान्यांतली ही गत. मग आपल्याकडची जागा दोन-दोन वर्षं रिकामी ठेवून उरलेल्या एकीला 'सेवाभाव दाखवा' म्हणणं म्हणजे काय होतं? नर्सची रिकामी जागा म्हणजे रोग्याला न मिळालेलं औषध आहे, असं मी आता कुणापुढेही म्हणते. आणि कंत्राटी मुलींना वर्षानुवर्षं टांगून ठेवतात ते वेगळंच. मला त्याचा राग येतो, आणि तो राग योग्य आहे असं मला वाटतं.

म्हणून तुझी नोंद हवी. तू लिहून ठेवलं नाहीस तर बैठकीत म्हणतील, तक्रार कसली, काम तर चाललंय. तारीख, ड्यूटीवर किती नर्स, किती रोगी, कुठलं काम राहिलं, त्याने कुणाला काय सोसावं लागलं. रोग्यांची नावं लिहू नकोस, कुणावर ठपका ठेवू नकोस, नुसतं जे झालं ते. सरकारी रजिस्टर त्यांचं आहे, ही वही तुझी. सहा महिन्यांनी ती उघडून बघ, तुझ्या केंद्राचा आजार कुठे आहे तो तुला दिसेल. त्या आरोग्यदूत बायकांनी याहून वेगळं काय केलं होतं?

एक शेवटचं, पुजाऱ्याबद्दल तू विचारलंस म्हणून. भांडू नकोस त्याच्याशी. गावाचा त्याच्यावर विश्वास तुझ्या आजोबांच्या आजोबांपासूनचा आहे. आदिवासी दवाखान्याला घाबरतात ते का, हे बंग पतिपत्नींनी त्यांनाच विचारलं तेव्हा कळलं की मोठी इमारत त्यांना परकी वाटते, पांढरे कपडे मढ्यावरच्या कापडासारखे दिसतात, आणि घरच्यांना सोबत राहू देत नाहीत हे सोसत नाही. म्हणून 'सर्च'च्या शोधग्राममधला दवाखाना झोपड्यांचा, आदिवासी गावासारखा बांधला आणि त्याला दंतेश्वरी मायचं नाव दिलं. हेमलकशाला डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे १९७३ पासून आहेत, तिथेही रोग्यासोबत घरचे राहतात, चूल मांडतात. तुझ्या केंद्राच्या मागच्या अंगणात एक चुलीपुरती जागा मोकळी करता येते का बघ. पुजाऱ्याला सांग, तुझी पूजा तू कर, पण लेकराचं पोट उडतंय असं दिसलं की माझ्याकडे पाठव, मी तुझं नाव घेऊन औषध देईन. बरेच पुजारी ऐकतात. स्वतःच्या नातवाला तर पहिले आणतात.

आता जून जवळ आलाय. भामरागडची पर्लकोटा नदी पुलावर चढली की त्या बाजूचं सगळं तुटतं, आणि तुझ्या भागातले नालेही काही मागे राहत नाहीत. म्हणून या आठवड्यात पहिलं काम हे कर, की जून ते सप्टेंबरमध्ये दिवस भरणाऱ्या सगळ्या बायांची यादी टोल्यावार काढ. कुणाच्या वाटेत नाला आहे, कुणाचं पहिलं बाळंतपण दवाखान्यात झालं नव्हतं, कुणाचं हिमोग्लोबिन आठच्या खाली आहे, त्यांच्यापुढे खूण कर. त्या घरी आशाताईला घेऊन तू स्वतः जा. आरोग्य केंद्राच्या माहेरघरात बाळंतपणाआधीच येऊन राहायचं असतं, सोबत एक जण राहू शकतो, जेवण मिळतं, हे नवऱ्याच्या आणि सासूच्या समोर सांग. कोंबड्या कोण बघेल, मोठ्या लेकराला कोण सांभाळेल, हे ती विचारेल. त्याचं उत्तर शेजारणीला बसवून तिथल्या तिथे ठरव, मगच उठ. यादी झाली की मला फोनवर वाचून दाखव, आपण दोघी मिळून बघू.